हॅम आणि जॅम

हॅम आणि जॅम हे इंग्रजीतले दोन छोटे, यमक जुळणारे शब्द, दोन्ही खाण्याचे. हॅम म्हणजे डुकराची मागची मांडी, मीठ लावून मुरवलेली, बऱ्याचदा धुरी दिलेली. जॅम म्हणजे फळांचा गर साखरेत आटवून केलेला ब्रेडला फासायचा प्रकार, तो काय सांगायला नको. पण हे दोन्ही शब्द स्वयंपाकघरात टिकलेच नाहीत, रेडिओत गेले, नाटकात गेले, रस्त्यावर आले, आणि एकदा तर जोडीने महायुद्धात जाऊन आले.

ती गोष्ट आधी. ६ जून १९४४, फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरच्या दोस्तराष्ट्रांच्या चढाईची रात्र. समुद्रावरून सैन्य उतरायला अजून काही तास होते, त्याआधी काँ शहराजवळच्या कालव्यावरचा आणि शेजारच्या ऑर्न नदीवरचा असे दोन पूल ब्रिटिशांना न फोडता, धडधाकट हवे होते, नाहीतर जर्मन रणगाडे त्यावरून आले असते आणि आपल्या लोकांना पुढे सरकायला वाट उरली नसती. मेजर जॉन हॉवर्ड यांची तुकडी सहा ग्लायडरमधून, म्हणजे इंजिनच नसलेल्या लाकडी विमानांतून, मध्यरात्रीनंतर पंधरा-सोळा मिनिटांनी पुलांच्या जवळच उतरली. एक ग्लायडर भरकटून भलत्याच नदीकडे गेलं, तरी पाव तासाच्या आत दोन्ही पूल हातात. कालव्याचा पूल मिळाला तर वायरलेसवर ‘हॅम’ म्हणायचं आणि नदीचा मिळाला तर ‘जॅम’, असं आधीच ठरलं होतं. आता गंमत अशी की पूल मिळाले पण पलीकडून कोणी उत्तरच देईना, आणि बिचारा कॉर्पोरल टॅपेंडन अंधारात बसून हॅम अँड जॅम, हॅम अँड जॅम करत राहिला, शेवटी वैतागून मधे एक शिवीही घातली म्हणतात. कालव्याच्या पुलाला पुढे पेगासस ब्रिज नाव पडलं, पंखवाला घोडा हे त्या हवाई सैन्याचं चिन्ह होतं म्हणून. १९९४ मध्ये तिथे नवा पूल बसवला, जुना आता जवळच्या म्युझियमच्या आवारात उभा आहे.

आता हॅम एकटा. जुन्या इंग्रजीत हा शब्द गुडघ्याच्या मागच्या खळगीचा होता, तिथून मांडीचा झाला आणि मग मांडीच्या मांसाचा. नॉटिंगहॅम, बर्मिंगहॅम, वेस्ट हॅम यातल्या हॅमचा डुकराशी काही संबंध नाही, तो घर किंवा वस्ती, नाहीतर पाण्याने वेढलेली नदीकाठची जमीन या अर्थाचा. हॅम्बर्गरमध्येही हॅम नसतो, ते नाव हॅम्बुर्ग शहरावरून आलंय, त्यामुळे बीफचा असो की आपला आलू टिक्कीचा, नाव तेच. रंगभूमीवर ओव्हरॲक्टिंग करणाऱ्याला हॅम म्हणतात, आपल्याकडेही सिनेमावर लिहिणारे लोक ‘जाम हॅमिंग केलंय’ असं सर्रास लिहितात, आणि त्या एका वाक्यात दोघं परत शेजारी येतात बघा.

हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांनी स्वतःच्या वायरलेस सेटवरून एकमेकांशी बोलणं, ही मात्र आदराने घ्यायची गोष्ट. सुरुवातीला तारखात्यातले लोक अडखळत मोर्स, म्हणजे तारेची कट्ट-कडकट्ट भाषा, वाजवणाऱ्याला हिणवून हॅम म्हणायचे, नंतर हौशी रेडिओवाल्यांनी तेच नाव छातीला लावलं. भारतात यासाठी सरकारची परीक्षा द्यावी लागते, लायसन्स मिळालं की व्हीयूने सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, मिळतो. राजीव गांधी स्वतः हॅम होते, व्हीयू २ आरजी. २००४ च्या त्सुनामीच्या वेळी हौशी लोकांची एक टीम योगायोगाने पोर्ट ब्लेअरलाच होती, फोन गेल्यावर निरोप त्यांच्या सेटवरून जात होते. ज्यांना वाटतं मोबाइल आल्यावर याचा काय उपयोग, त्यांनी एवढं एक लक्षात ठेवावं.

आणि हो, हॅम नावाचा चिंपांझीसुद्धा होता. ३१ जानेवारी १९६१ ला नासाने त्याला यानात बसवून साधारण साडेसोळा मिनिटं वर पाठवलं आणि तो जिवंत परत आला. नाव आलं होलोमन तळावरच्या एरोस्पेस मेडिकल प्रयोगशाळेच्या आद्याक्षरांवरून, मांडीवरून नाही.

जॅमचा मूळ अर्थ दाबणं, चेपणं, कोंबणं. फळं चेपून करतात म्हणून तोच शब्द खाण्यालाही लागला असावा असं मानतात. जॅम जमतो तो तीन गोष्टींच्या मेळाने: साखर, आंबटपणा आणि फळातलं पेक्टिन, म्हणजे पाक घट्ट धरणारा घटक. पेरूत पेक्टिन भरपूर, स्ट्रॉबेरीत कमी, म्हणून घरी स्ट्रॉबेरी जॅम करताना लिंबू पिळतात, नाहीतर पाकच हातात. भारतातल्या नियमाप्रमाणे जॅममध्ये किमान ४५ टक्के फळ लागतं पण स्ट्रॉबेरी आणि रास्पबेरीला २५ टक्के चालतं, महाबळेश्वरहून बाटल्या भरभरून आणणाऱ्यांनी लेबल वाचायला हरकत नाही. साखरांबा हा त्याचा आपल्याकडचा भाऊ, फक्त त्यात फोडी अख्ख्या दिसायला हव्यात, गर एकजीव झाला तर आजी नाक मुरडणारच. चेपण्याच्या अर्थाने मग प्रिंटरमध्ये कागद जॅम होतो, शत्रूचा रेडिओ जॅम करतात, आणि संगीतवाले एकत्र बसून न ठरवता वाजवतात ते जॅम सेशन.

स्पेनमध्ये तर कहर आहे. तिथे हॅमला जो शब्द आहे त्याच्या स्पेलिंगमध्ये जॅम दिसतो, पण तिकडे जेचा उच्चार ह, त्यामुळे वाचायचं हामोन. मेनूकार्ड बघून गोड काहीतरी मागवाल आणि समोर मांडीचे पातळ काप येतील.

मराठीत हॅम पाहुणाच राहिला, जॅम मात्र बहुधा जाम होऊन घरचा झाला. नट-बोल्ट जाम होतो, हायवे जाम होतो, आणि भूकही जाम लागते, भारीही जाम असतं. पण सगळे जाम इंग्रजीतले नाहीत हं. मुंबईच्या बाजारात उन्हाळ्यात पांढरट-गुलाबी, घंटेसारखं पाणीदार फळ येतं त्याला जामच म्हणतात, मराठवाड्यात जांब म्हणजे पेरू, गुलाबजाममधला जाम जांभळाच्या कुळातला, गझलेतला जाम म्हणजे फारसी प्याला. जामनगरच्या राजांची पदवीही जाम, म्हणून जामसाहेब, त्यातल्या दिग्विजयसिंहजींनी दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या अनाथ पोरांना जामनगरजवळच्या बालाचडीला आसरा दिला, आणि पोलिश निर्वासितांची दुसरी, कितीतरी मोठी छावणी आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला होती.

बाकी इंटरनेटवर नुसतं जॅम टाकलंत तर आधी एमएस्सीच्या प्रवेशाची आयआयटीवाली परीक्षा निघते, नाहीतर सरकारी भाषेतलं जनधन-आधार-मोबाइल. बरणीतला हवा असेल तर सोबत फळाचं नाव टाका.