जीवाश्म शिंपला घासून चकचकीत करू नका

पुण्याच्या कातळात समुद्री शिंपले सापडत नाहीत. वेताळ टेकडी घ्या की सिंहगड, सगळा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाचा काळा पाषाण. म्हणून इथले भूशास्त्राचे विद्यार्थी कच्छ गाठतात आणि ज्युरासिक समुद्राचे जीवाश्म घेऊन परततात. त्यांत ब्रॅकिओपॉड, म्हणजे दोन झडपांच्या कवचात राहणारे समुद्री प्राणी, हमखास असतात. त्यांच्यातल्या एका गटाचं तर नावच ‘कच्छिथायरिस’ आहे.

नमुने आले की ब्रश आणि सुई घेऊन साफसफाई सुरू होते. माझं कळकळीचं सांगणं आहे, तिथे हात जरा आवरा. माती जरूर काढा, पण शिंपल्याला चिकटलेली वेडीवाकडी नळी, जाळीदार पापुद्रा किंवा बारीकसं भोक दिसलं तर त्याला धक्का लावू नका. तो प्राणी कोणाच्या संगतीत जगला, हे सांगणारा पुरावा बहुतेकदा तेवढाच उरलेला असतो.

ब्रॅकिओपॉड दिसायला तिसरी या खाण्याच्या शिंपलीसारखा, पण नातं दूरचं. तिसरीच्या दोन झडपा एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात. ब्रॅकिओपॉडच्या दोन झडपा सारख्या नसतात, मात्र प्रत्येक झडप मधोमध दुभागली तर डावी-उजवी बाजू जुळते. आत बारीक तंतूंची झालर असलेलं एक इंद्रिय असतं. त्याच्या हालचालीने पाणी आत ओढलं जातं, अन्नकण गाळले जातात आणि पाणी बाहेर पडतं. पाण्याचा हा प्रवाहच इतरांना खुणावतो.

आता भिंगाखाली पाहा. शिंपल्यावर सर्प्युलिड या समुद्री किड्याची चुन्याची नळी आहे. ती दोन झडपांच्या फटीवरून आडवी गेली असेल, तर शिंपला तेव्हा मेलेलाच होता. जिवंत असता तर झडपा उघडताना नळी मोडली असती. नळी झडपेच्या आतल्या बाजूला असेल, तरी निष्कर्ष तोच. पण ती कडेशी येऊन थांबली असेल, किंवा शिंपल्याच्या वाढीबरोबर कडेकडेने सरकत गेली असेल, तर दोघं एकाच वेळी जगत होते असं मानायला जागा आहे.

याच रीतीने चीनच्या युनान प्रांतात एक विलक्षण गोष्ट उलगडली. तिथल्या सुमारे ५१.२ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत ‘निओबोलस’ नावाचे ब्रॅकिओपॉड दाटीवाटीने सापडतात आणि त्यांतल्या अनेकांवर नळ्या चिकटलेल्या आहेत. या नळ्या दुसऱ्या कुठल्याच प्राण्यावर नाहीत, सुट्याही मिळत नाहीत. त्यांची तोंडं शिंपल्याच्या कडेकडे, म्हणजे अन्न आत जाण्याच्या वाटेकडे वळलेली. शिवाय नळ्या असलेल्या निओबोलसांचा जैवभार, म्हणजे देहाचा अंदाजी भार, नळ्या नसलेल्यांपेक्षा कमी भरला. २०२० मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या शोधनिबंधाने याला अन्नचोर परजीवीपणा म्हटलं. यजमान आणि परजीवी यांच्या नात्याचा इतका जुना, इतका स्पष्ट पुरावा क्वचितच हाती लागतो.

ब्रॅकिओपॉड स्वतःही दुसऱ्यांचा आधार घेत. कॅनडातल्या बर्जेस शेल या जीवाश्मांनी भरलेल्या खडकात ते ‘पिरानिया’ या स्पंजच्या काट्यांना चिकटलेले दिसतात. चिखलापासून उंच जागा आणि वाहतं पाणी, दोन्हींची सोय.

शिकारीच्या खुणा वेगळ्या. गुळगुळीत कडांचं, बाहेरून आत गेलेलं, एकाच झडपेला पडलेलं गोल भोक हे बहुधा शिकाऱ्याचं काम. भोक अर्धवट राहिलं असेल, तर हल्ला फसला असावा. काही कवचांवर वाढीच्या रेषा एका जागी तुटून वेड्यावाकड्या होतात आणि पुढे पुन्हा सरळ चालू लागतात. तो प्राणी घाव सोसून जगला होता.

एकट्या नमुन्यावरून मात्र यातलं काहीच ठरत नाही. निओबोलसच्या बाबतीत नळ्या नसलेले शिंपले जमवले नसते, तर तुलना कशाशी केली असती? कच्छमध्ये आपण सुबक तेवढे वेचतो, ती सवय सोडायला हवी. एका थरातल्या एका ठरवलेल्या चौकटीत फुटके, भोक पडलेले, कोरे, जे मिळतील ते सगळे घ्यावेत, प्रत्येकाच्या दोन्ही झडपांचे फोटो काढावेत आणि मगच ब्रशला हात लावावा.