शोषणं वेगळं, धरून ठेवणं वेगळं

‘समुद्री शेवाळ पाण्यातले जड धातू शोषून घेतं.’ वाक्य खरं आहे, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या आहेत. समुद्रातलं जिवंत शेवाळ वाढता वाढता धातू अंगात साठवतं, तो जैवसंचय. तेच शेवाळ वाळवून, भरडून दूषित पाण्यात टाकलं की धातू त्याच्या पेशीभित्तिकेला जाऊन चिकटतात, ते जैवअधिशोषण. रोजच्या बोलण्यात दोन्हींना ‘शोषणं’ म्हणतात आणि घोळ तिथेच होतो. मग कोणी विचारतं, कारखान्याच्या नाल्यात शेवाळ लावलं तर? कोणी विचारतं, शेवाळाची पावडर खाल्ली तर अंगातलं शिसं निघेल का?

आधी जिवंत शेवाळाचं पाहू. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये तांब्याच्या आणि कथलाच्या जुन्या खाणींचं पाणी कार्नन नदीतून फाल नदीच्या खाडीत येतं. १९९२च्या जानेवारीत तिथल्या व्हील जेन या बंद खाणीतून कोट्यवधी लिटर आम्लधर्मी पाणी बाहेर फुटलं होतं. या खाडीतल्या खडकांवर वाढणाऱ्या ‘फ्यूकस’ या तपकिरी शेवाळात तांबं आणि जस्त स्वच्छ किनाऱ्यावरच्या शेवाळापेक्षा कितीतरी जास्त सापडतं. पाण्याचा नमुना त्या क्षणापुरतं सांगतो. शेवाळ मागच्या कित्येक आठवड्यांचा हिशेब सांगतं. म्हणून अशा शेवाळाचा उपयोग प्रदूषण मोजायला होतो. साफ करायला मात्र ते फारसं कामाचं नाही. धातू हळूहळू आत जातो, त्यासाठी शेवाळाला ऊर्जा खर्चावी लागते आणि विष फार झालं की ते स्वतःच मरतं.

वाळलेल्या शेवाळाला मरणाची भीती नाही. त्याची ताकद आहे अल्जिनेटमध्ये. तपकिरी शेवाळाच्या पेशीभित्तिकेत असणारा हा पदार्थ तुम्ही बहुधा तोंडात घेतलेला आहे: दातांचा साचा घेताना डॉक्टर जो मऊ लगदा ट्रेमध्ये भरून दाबतात, तो पुष्कळदा अल्जिनेटचाच असतो. त्यातलं कॅल्शियम अल्जिनेटच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधतं आणि दोन-तीन मिनिटांत लगदा घट्ट होतो. या साखळ्या नागमोडी असतात. दोन समोरासमोर आल्या की मध्ये खळगे तयार होतात आणि अंड्यांच्या ट्रेमध्ये अंडं बसावं तसा कॅल्शियमचा आयन खळग्यात बसतो. पण शिसं, तांबं किंवा कॅडमियम आलं तर हे खळगे त्यांना कॅल्शियमपेक्षाही घट्ट धरतात. कॅल्शियम सुटून पाण्यात जातं, शिसं त्याच्या जागी बसतं. म्हणजे हे शोषणं नाहीच, ही अदलाबदल आहे. बराचसा धातू पहिल्या तासाभरातच धरला जातो.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात बोहुमिल वोलेस्की यांच्या गटाने यावर वर्षानुवर्षं काम केलं. १९९३ साली त्यांनी दाखवलं, की ‘अ‍ॅस्कोफायलम’ जातीचं वाळलेलं शेवाळ ग्रॅममागे १०० मिलिग्रॅमहून जास्त कॅडमियम धरू शकतं. हा आकडा भरपूर कॅडमियम असलेल्या द्रावणातला आहे. धातू अगदी थोडा असेल किंवा पाणी क्षारयुक्त असेल, तर पकड कमी पडते. जस्त आणि निकेल तर मुळातच सैल बसतात. शिवाय कच्चं शेवाळ पाण्यात टाकलं तर पाणी तपकिरी होतं, म्हणून ते आधी कॅल्शियम क्लोराइडसारख्या द्रावणात मुरवून घेतात.

जैवसंचय आणि जैवअधिशोषण यांतला फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो तो आर्सेनिकच्या बाबतीत. पाण्यातलं आर्सेनेट, म्हणजे आर्सेनिकचं विरघळलेलं एक रूप, ऋणभारित असतं आणि अल्जिनेटचे खळगेही ऋणभारित, त्यामुळे नुसतं वाळलेलं शेवाळ त्याला जवळजवळ सोडूनच देतं. जिवंत शेवाळ मात्र आर्सेनेटला फॉस्फेट समजून आत घेतं. जपानमध्ये खाल्लं जाणारं हिजिकी हे शेवाळ सारगॅसम या कुळातलं. कोकण-गोव्याच्या खडकांवर याच कुळातल्या दुसऱ्या जाती वाढतात. हिजिकीत असेंद्रिय आर्सेनिक, म्हणजे आर्सेनिकचं जास्त विषारी रूप, इतकं आढळलं, की २००४मध्ये ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने ते खाऊ नका असा सल्ला दिला. त्यामुळे ‘शेवाळ धातू काढतं’ एवढ्यावर विसंबून कोणी पावडर विकत असेल, तर ते शेवाळ कुठल्या पाण्यात वाढलं हे आधी विचारा. पाणी गाळायचं साधन म्हणजे औषध नव्हे.

आणखी एक गैरसमज मला फार बोचतो: शेवाळ धातू नष्ट करतं. पिण्याच्या पाण्यात कॅडमियमची मर्यादा लिटरमागे ०.००३ मिलिग्रॅम आहे. १०० मिलिग्रॅम कॅडमियम धरून बसलेलं एक ग्रॅम शेवाळ म्हणजे सुमारे ३३ हजार लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेण्याइतकं विष. ते कचऱ्यात टाकून चालत नाही. विरळ आम्लाने धुतलं की हायड्रोजनचे आयन खळग्यांत शिरतात आणि धातू बाहेर पडतो. शेवाळ पुन्हा वापरता येतं आणि मोठ्या टाकीतला धातू बादलीभर आम्लात येतो. तिथून तो परत मिळवणं किंवा नीट बंदिस्त करणं हे काम शेवाळ करत नाही. ते कारखान्यालाच करावं लागतं.