‘र’ उच्चाराची स्पीच थेरपी (सोलापूर)

मुलाच्या तोंडी ‘र’च्या जागी ‘ल’, ‘य’ किंवा ‘ड’ येत असेल, तर तिथे ‘र’ बसवण्यासाठी दिली जाणारी पद्धतशीर तालीम. अशा मुलाला सोलापुरात ‘बोबडं बोलतंय’ किंवा ‘जीभ जड आहे’ असे म्हणतात. त्याची ‘चादर’ ‘चादल’ होते, ‘भाकरी’ ‘भाकली’ होते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी याचे कौतुकच होते आणि त्यात वावगे काही नाही, कारण ‘र’ हा उशिरा बसणाऱ्या व्यंजनांपैकी आहे. पाच-सहा वर्षांनंतरही तो येत नसेल, किंवा शाळेत चिडवाचिडवीमुळे मूल बोलायचेच टाळत असेल, तर मात्र तपासून घ्यावे.

मराठी ‘र’ म्हणताना जिभेच्या दोन्ही कडा वरच्या दाढांना लागतात. टोक वरच्या दातांमागच्या हिरडीच्या उंचवट्याला क्षणभर टेकून सुटते. जोर दिला तर ते श्वासाच्या झोताने दोन-तीनदा थरथरते. संस्कृत व्याकरणपरंपरेने ‘र’ला मूर्धन्य, म्हणजे जीभ वर टाळूकडे वळवून उच्चारला जाणारा, म्हटले असले, तरी आजच्या मराठीत तो दंतमूळापाशी उच्चारला जातो. अमेरिकी इंग्रजीतला ‘र’ याहून अगदी वेगळा आहे. त्यात जिभेचे टोक कुठेही टेकत नाही. ते वर वळते किंवा जिभेचा मधला भाग गोळा होतो, आणि ओठ थोडे पुढे येतात. इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ या इंग्रजी ‘र’चे असतात. ‘जीभ कुठेही लागू देऊ नका’ हा त्यातला सल्ला मराठी मुलासाठी नेमका उलटा आहे, आणि पालक तो मनोभावे पाळतात ही खरी अडचण. सोलापुरातल्या इतर घरभाषांचेही मराठीसारखेच आहे. पूर्व भागातल्या विणकर वस्तीतली तेलुगू, अक्कलकोटकडची कन्नड आणि दखनी उर्दू या तिन्हींत ‘र’ टेकणाराच आहे. म्हणून घरात जी भाषा चालते तिच्यातूनच सुरुवात केली तरी चालते. कन्नड घरात तर ‘बर्री’, ‘कूड्री’ अशी आदराची ‘री’ दिवसभर कानावर पडत असते. सरावाला आणखी काय हवे?

उपचाराआधी कान तपासतात. वारंवार कान फुटणाऱ्या किंवा कमी ऐकू येणाऱ्या मुलाची जीभ कितीही वळवली तरी उपयोग होत नाही. त्यानंतर चूक एकट्या ‘र’ची आहे की ‘क’, ‘श’, ‘ळ’ही घसरतात, आणि ‘र’ शब्दात कुठे चुकतो, हे चित्रे दाखवून नोंदवतात. जीभ खालून बांधलेली आहे का, हेही पाहतात. ‘टाका तोडला की बोलेल’ हा समज घट्ट आहे, पण जिभेखालचा पडदा आखूड असलेली पुष्कळ मुले स्वच्छ बोलतात. टोक वरच्या हिरडीपर्यंत पोचत असेल, तर बहुधा शस्त्रक्रियेची गरज नसते.

शिकवण्याची सुरुवात कानापासून होते. एकाच अक्षराने अर्थ बदलणाऱ्या जोड्या यासाठी वापरतात: गार–गाल–गाय, पार–पाल–पाय, मोर–मोड, रात–लात. समोर गालाचे आणि गाईचे चित्र ठेवून ‘गार पाणी’ मागितले, की आपण काय बोललो आणि समोरच्याने काय ऐकले हे मुलाला आपोआप कळते. हा खेळ मराठीत विशेष रंगतो, कारण अशा जोड्यांना इथे तोटा नाही.

मग जिभेची जागा. आरसा समोर धरून मुलाला ‘ल’ म्हणायला लावतात. टोक वर जाते ते ठिकाण तेच असते, फरक इतकाच की ‘ल’ला ते टेकून राहते आणि कडेने हवा सुटते, तर ‘र’ला कडा बंद असतात आणि टोक झटक्यात सुटते. हा झटका शिकवायला ‘द’चा आधार घेतात. टोक दातांवरून किंचित मागे, हिरडीवर आणून ‘अद-अद-अद’ हलक्या आवाजात भरभर म्हणवले, की मध्येच एखादा ‘अर’ निसटतो. तो कानाने पकडायचा आणि लगेच ‘हाच!’ म्हणून सांगायचे. ‘ड’वरून नेण्याचा मोह होतो, पण मराठीत ‘गाडी’, ‘पेडा’ यांसारख्या शब्दांतला ‘ड’ जीभ मागे वळवून फटकारतो, त्यामुळे मूल तिथेच अडकू शकते. ‘भुर्र’ करून ओठ फुरफुरवण्यात मुलांना मजा येते, पण थरथरतात ते ओठ, जीभ नव्हे. फुगे फुगवणे, शिट्टी वाजवणे, जीभ बाहेर काढून हलवणे या व्यायामांनी ‘र’ सुधारतो याला भक्कम पुरावा नाही. तरीही ते गृहपाठात सर्रास दिले जातात.

सुटा आवाज, अक्षर, शब्द, वाक्य आणि मग गप्पा ही चढती पायरी विसाव्या शतकात अमेरिकेतल्या चार्ल्स व्हॅन रायपर यांच्या पद्धतीमुळे रूढ झाली आणि अजूनही चालते. मराठी ‘र’साठी दोन स्वरांमधली जागा सहसा सोपी पडते, म्हणून आधी ‘आरा’, ‘वारा’, ‘ज्वारी’; मग शब्दाच्या शेवटी ‘चादर’, ‘सोलापूर’; पुढे ‘राजा’, ‘रस’. ‘बार्शी’तला रफार आणि ‘प्रसाद’मधले जोडाक्षर बरेच नंतर. ‘काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ हे पार शेवटी, तेही मुलाला हसू येत असेल तरच. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या यात्रेत, नंदीध्वज नावाच्या उंच मानाच्या काठ्यांबरोबर घुमणारा ‘एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र’ हा गजर सोलापूरच्या मुलांना तोंडपाठ असतो. त्यात स्वरानंतर पूर्ण श्वासावर लांबवलेला ‘र्र’ येतो, आणि सरावासाठी याहून आवडते वाक्य शोधून सापडणार नाही.

बसवलेला ‘र’ घरी टिकवणे सर्वांत अवघड जाते. आठवड्यातून एकदा तासभर बसण्यापेक्षा रोज पाच-दहा मिनिटे बरी. आई विड्या वळत असताना किंवा भाकरी थापत असतानाही ती मिळू शकतात. मात्र जेवताना, पाहुण्यांसमोर प्रत्येक शब्द दुरुस्त करू नये. मूल ‘लंग’ म्हणाले, तर ‘हो, छान रंग आहे’ असे बरोबर बोलून पुढे जावे.

वेखंड उगाळून जिभेला लावण्याची प्रथा जुनी आहे. त्याने जीभ नेमक्या जागी टेकायला शिकत नाही. ते मधात देण्याची पद्धत एक वर्षाखालच्या बाळासाठी धोक्याचीही आहे, कारण मधातून बोट्युलिझमची विषबाधा होऊ शकते.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते. ऐकण्याचा किंवा भाषेचा दोष आढळल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची त्यात तरतूद आहे. खासगीत जाताना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. १९९२च्या कायद्यानुसार वाचाचिकित्सकाला ही नोंदणी आवश्यक आहे.