प्रसंगापुरती प्रेप आणि १५ गोळ्यांचा वाद

प्रेप म्हणजे एचआयव्हीचा संसर्ग टाळण्यासाठी आधीच घ्यायचे औषध. ते लैंगिक संबंधाच्या आधी आणि नंतर वापरायचे, ही कल्पना रोजच्या गोळीपेक्षा नवी नाही. दक्षिण आफ्रिकेत स्त्रियांवर झालेल्या टेनोफोविर या एचआयव्हीविरोधी औषधाच्या जेलच्या चाचणीत हेच वेळापत्रक होते. २०१० मध्ये तिचा निकाल आला आणि संसर्ग ३९ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पुढच्या मोठ्या चाचणीत मात्र हा फायदा टिकला नाही. २०१० मध्येच रोजच्या गोळीचा निकाल आला, २०१२ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली आणि प्रेप म्हणजे रोजची गोळी हे समीकरण पक्के झाले.

क्वचितच धोका असलेल्या माणसाने वर्षाला ३६५ गोळ्या का घ्यायच्या? याचे उत्तर शोधले ते फ्रान्स आणि कॅनडातल्या चाचणीने. तिच्यात पुरुषांशी संबंध ठेवणारे सुमारे ४०० जण होते. संबंधापूर्वी २ ते २४ तासांत दोन गोळ्या, त्या गोळ्या घेतल्यापासून २४ तासांनी एक आणि ४८ तासांनी आणखी एक. २०१५ मध्ये आकडे छापून आले: प्लासिबो (औषध नसलेली दिखाऊ गोळी) गटात १४ जणांना संसर्ग, औषधाच्या गटात दोघांना. त्या दोघांच्या रक्तात औषधाचा अंशही सापडला नव्हता.

वाद पेटला तो वेगळ्याच आकड्यावरून. सहभागी महिन्याला साधारण १५ गोळ्या घेत होते, म्हणजे आठवड्याला जवळपास चार. रोजच्या गोळीच्या अभ्यासातही आठवड्याला चार गोळ्यांनी चांगले संरक्षण मिळताना दिसले होते. मग सिद्ध काय झाले? प्रसंगापुरती गोळी पुरते हे, की रोजच्या गोळीत थोडी हयगय चालते हे? आक्षेप रास्त होता. पण त्याच्या आडून हा पर्याय वर्षानुवर्षे अडवून ठेवला गेला, आणि त्याची झळ बसली ती रोजची गोळी नको म्हणून काहीच न घेणाऱ्यांना. २०२० मध्ये त्याच चाचणीतला कमी संबंधांचा काळ वेगळा काढून तपासला. गोळ्या महिन्याला साडेनऊच्या आसपास. संसर्ग प्लासिबो गटात सहा, औषधाच्या गटात शून्य.

या पद्धतीच्या नावानेही गोंधळ वाढवला. ‘ऑन डिमांड’ (हवी तेव्हा) म्हटले की डोके दुखल्यावर घ्यायची गोळी आठवते. इथे तर पहिल्या दोन गोळ्या आधी पोटात गेल्या नाहीत तर सगळेच फसते. म्हणून ‘इव्हेंट-ड्रिव्हन’ (प्रसंगानुसार) हा शब्द आला. गोळ्यांच्या क्रमावरून पडलेले ‘२-१-१’ हे नाव सुटसुटीत आहे, पण तेही चारच गोळ्या असा समज करून देते. पुढच्या दिवशीही संबंध आला, तर रोज एक गोळी चालू ठेवायची आणि शेवटच्या संबंधानंतर आणखी दोन दिवस घ्यायची. हा भाग नावात मावत नाही, आणि चुका नेमक्या तिथे होतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीने ही पद्धत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांपुरती मान्य केली. २०२२ मध्ये ती जन्मतः पुरुष नोंद असलेल्या, पण एस्ट्रॅडिऑल हे स्त्री-संप्रेरक न घेणाऱ्या सर्वांना खुली झाली. योनीच्या पेशींत टेनोफोविर गुदाशयाच्या मानाने कमी साठते, त्यामुळे स्त्रिया बाहेर राहिल्या. त्यांच्यासाठी प्रसंगापुरत्या गोळीची अशी चाचणी तडीस गेलेलीच नाही, ही यातली सर्वांत मोठी उणीव. हिपॅटायटिस बी असलेल्यांनाही जपावे लागते, कारण गोळी थांबवल्यावर तो आजार उसळू शकतो.

अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांनी २०२१ मध्ये २-१-१ ची दखल घेतली, पण ‘ऑफ-लेबल’, म्हणजे मंजुरीबाहेरचा वापर म्हणून. गोळीची मंजूर मात्रा रोजचीच राहिली.