साथीच्या काळात ओळखीची चाल

हलगी वाजवण्याआधी तिचं कातडं जाळावर शेकतात. ते ताणलं की आवाज कडक निघतो आणि गावभर ऐकू जातो. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत दवंडी अशीच दिली जायची. पटकी, म्हणजे कॉलरा, आली की मरीआईचा पोतराज दारोदार फिरायचा. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांना १८८४ साली कलकत्त्यातल्या एका तळ्याच्या पाण्यात सापडला. त्यावरचा उपाय पोतराजाकडे नव्हता, पण प्रत्येक उंबऱ्यापर्यंत पोचणारा आवाज होता. आरोग्य खात्याला आजही त्याचीच गरज पडते.

गाण्यातून सांगितलेलं डोक्यात पक्कं बसतं म्हणतात, ते अर्धंच खरं. संशोधक वॉन्डा वॉलेस यांचे स्मरणावरचे प्रयोग १९९४ साली प्रसिद्ध झाले. एकाच चालीत तीन कडवी ऐकवली, तेव्हा नुसत्या बोलण्यापेक्षा गाण्याचे शब्द जास्त आठवले. एकच कडवं ऐकवलं, तेव्हा तो फायदा दिसला नाही. चाल अंगवळणी पडली की तीच पुढचा शब्द सुचवते; नवी असेल तर आधी तिच्याकडेच लक्ष जातं. म्हणून मला वाटतं, आरोग्याच्या संदेशासाठी जिंगल नव्यानं बांधण्यापेक्षा आराधी गाण्याची किंवा भारुडाची चाल घ्यावी. पहिल्या पावसात गॅस्ट्रो पसरतो तेव्हा लिटरभर स्वच्छ पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ हे जुलाबात पाजायच्या साखर-मिठाच्या पाण्याचं माप त्यात बसवावं. मीठ जास्त पडलं तर लेकराला अपाय होतो, तेव्हा माप तोंडपाठच हवं.

हवेतून पसरणाऱ्या रोगात मात्र गाणंच धोक्याचं ठरू शकतं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० रोजी समूहगानाच्या सरावाला ६१ जण जमले होते. त्यांतल्या ५३ जणांना कोरोना झाला किंवा झाल्याचा दाट संशय होता, दोघे दगावले. ब्रिटनमधल्या ब्रिस्टलच्या संशोधकांना पुढे दिसलं, की बोलणं असो वा गाणं, आवाज चढला की तोंडातून उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांचं एकूण वस्तुमान वीस-तीस पटींनी वाढतं. अशा वेळी कोंदट खोलीत दाटीवाटीनं गाण्यापेक्षा मोकळ्या पटांगणात, अंतर राखून, माइकवर हळू आवाजात गावं.

कोरोनात फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा, मग सूचना. ज्यांच्या गळ्यात गावाच्या चाली होत्या, ते गोंधळी, आराधी, हलगीवाले ऐन लग्नसराईत, जत्रांच्या हंगामात घरी बसून होते. नवरात्रातही तुळजापूरचं मंदिर भाविकांना बंद होतं. राज्यातली मंदिरं उघडली ती १६ नोव्हेंबर २०२० ला. या कलावंतांना मानधन देऊन गावोगावच्या लाउडस्पीकरवरून, रिक्षांवरून गायला लावता आलं असतं. पुढच्या साथीच्या तयारीत औषधसाठ्याबरोबर त्यांचीही तालुकावार यादी हवी.