सशाची पॉलिक्लोनल अँटीबॉडी (ईआरके-१/२)

मानवी पेशीतील ईआरके-१ आणि ईआरके-२ ही संदेशवाहक प्रथिने ओळखण्यासाठी सशाच्या सीरममधून (रक्तातल्या पातळ द्रवातून) काढलेला प्रतिपिंडांचा, म्हणजे अँटीबॉडींचा संच. प्रयोगशाळेतल्या बोलीत ‘टोटल ईआरके, रॅबिट पॉली’. संच म्हणण्याला कारण आहे. कुपीत एकाच जातीचा रेणू नसतो. सशाच्या वेगवेगळ्या बी-पेशींनी घडवलेले, एकाच प्रथिनाला निरनिराळ्या जागी आणि कमीअधिक जोराने पकडणारे अनेक रेणू असतात. म्हणून संकेत ठसठशीत मिळतो, आणि म्हणूनच दुसऱ्या सशाचे सीरम हुबेहूब तसे निघत नाही.

वाढीचा घटक पेशीला चिकटला की रास, राफ, मेक या क्रमाने निरोप ईआरकेपर्यंत पोचतो. ईआरके-१ मध्ये थ्रिओनिन २०२ आणि टायरोसिन २०४ वर फॉस्फेट बसले की ते कामाला लागते. टोटल अँटीबॉडी प्रथिन किती आहे एवढेच सांगते. त्यातले जागे किती, हे पाहायला फॉस्फो-ईआरकेची अँटीबॉडी वेगळी लागते.

सशाला टोचतात तो बहुधा ईआरकेच्या शेवटच्या टोकाकडचा १० ते २० अमिनो आम्लांचा पेप्टाइड. एवढासा तुकडा एकट्याने प्रतिकारशक्तीला डिवचत नाही. शिवाय हे प्रथिन सस्तन प्राण्यांत जवळजवळ सारखेच, त्यामुळे सशाला ते परके वाटत नाही. यावर उपाय म्हणून पेप्टाइड केएलएच या मोठ्या वाहक प्रथिनाला जोडतात. पहिली मात्रा फ्रॉइंडच्या कम्प्लीट अॅडज्युव्हंटमध्ये (प्रतिकारशक्तीला डिवचणाऱ्या तेलकट मिश्रणात), पुढच्या इन्कम्प्लीटमध्ये, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने. एलायझा चाचणीत टायटर (रक्तातल्या अँटीबॉडीचे प्रमाण) चढले की रक्त घेतात. ३ किलोच्या सशाकडून एका वेळी १५ मिलिलिटरच्या आसपास. सीरम त्याच पेप्टाइडच्या कॉलमवरून सोडून २.५ ते २.८ पीएचच्या ग्लायसिनने अँटीबॉडी सोडवतात आणि ट्रिस घालून लगेच उदासीन करतात. इथे रेंगाळले तर आम्लाने माल बिघडतो. भारतात हे काम संस्थेच्या प्राणी-नीतिसमितीच्या मंजुरीशिवाय करता येत नाही.

जनावराच्या रक्तातून प्रतिपिंड काढण्याचे हे तत्त्व मुंबईला नवे नाही. १८९९ मध्ये प्लेग रिसर्च लॅबोरेटरी म्हणून सुरू झालेल्या परळच्या हाफकिन संस्थेत घोड्यांच्या रक्तापासून सर्पविषावरचे औषध बनले, तेही पॉलिक्लोनलच. आज परळ, कुलाबा, पवई, खारघर इथल्या प्रयोगशाळा ईआरकेची कुपी सहसा तयार विकत घेतात.

वेस्टर्न ब्लॉटसाठी (प्रथिने जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून पटलावर अँटीबॉडीने ओळखण्याची पद्धत) पेशी बर्फावर फोडतात. बफरमध्ये प्रोटिएज (प्रथिने तोडणारी विकरे) रोधक हवेतच, फॉस्फोही पाहायचे असेल तर फॉस्फेट निघून जाऊ नये म्हणून सोडियम फ्लोराइड आणि ऑर्थोव्हॅनाडेटही. एका लेनमध्ये २० ते ३० मायक्रोग्रॅम प्रथिन, १० टक्के जेल, मग मिथेनॉलमध्ये भिजवलेल्या पीव्हीडीएफ पटलावर १०० व्होल्टने तासभर ट्रान्स्फर, म्हणजे जेलमधली प्रथिने पटलावर उतरवणे. टाकीत बर्फाची लादी ठेवावी. एसी नसलेल्या खोलीत मे महिन्यात बफर बघता बघता तापतो. ब्लॉकिंगला (पटलाच्या रिकाम्या जागा झाकायला) ५ टक्के स्किम्ड दूध पावडर चालते. कोपऱ्यावरच्या दुकानातून घाईत डेअरी व्हाइटनर आणू नये, त्यात साखर असते. फॉस्फो अँटीबॉडीसाठी मात्र बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन) बरे, कारण दुधातले केसिन स्वतःच फॉस्फेटधारी आहे. अँटीबॉडी १:१००० प्रमाणात, ४ अंशांवर रात्रभर. टीबीएसटी या धुण्याच्या बफरच्या तीन धुण्या. मग एचआरपी (सब्स्ट्रेट हे रसायन वापरून पट्टी उमटवणारे विकर) जोडलेली, सशाविरुद्धची बकरीची ‘दुसरी’ अँटीबॉडी तासभर.

अपेक्षित पट्ट्या दोन: ४४ (ईआरके-१) आणि ४२ (ईआरके-२) किलोडाल्टन; किलोडाल्टन हे प्रथिनाच्या वजनाचे एकक. एकच जाड पट्टी दिसली तर जेल पुरेशी धावलेली नाही किंवा प्रथिन जास्त भरले आहे. पट्टीचा मधला भाग पांढरा पडला तर दुसरी अँटीबॉडी जास्त झाली. एचआरपीने तिथले सब्स्ट्रेट आधीच संपवले. इम्युनोप्रेसिपिटेशनही (अँटीबॉडीने प्रथिन मिश्रणातून ओढून काढणे) सशाच्याच अँटीबॉडीने केले असेल तर तिची जड साखळी ५० किलोडाल्टनवर उमटते आणि ४४ च्या पट्टीला झाकते. अशा वेळी फक्त हलकी साखळी ओळखणारी दुसरी अँटीबॉडी घ्यावी.

कुपीत ५० टक्के ग्लिसरॉल असेल तर ती उणे २० ला गोठत नाही, म्हणून पुन्हापुन्हा गोठणे-वितळणे टाळण्यासाठी छोटे भाग करायची गरज पडत नाही. उणे ८० ला ठेवली की हा फायदा जातो. पावसाळ्यात थंड कुपी उघडण्याआधी बाहेरचे दव पुसावे आणि झाकणाला लागलेला थेंब सेंट्रिफ्यूजने खाली आणावा. सहार विमानतळाच्या कार्गोत पार्सल अडकून जेल पॅक वितळले म्हणून कुपी लगेच फेकू नये. आयजीजी (कुपीतल्या अँटीबॉडीचा प्रकार) बऱ्यापैकी चिवट असते. चाचणी घेऊन ठरवावे. टिकवण्यासाठी घातलेले सोडियम अझाइड एचआरपीला मारते, म्हणून एचआरपीच्या द्रावणात ते नको. तांब्याच्या किंवा शिशाच्या नळात ओतल्यास त्याचे स्फोटक क्षार साठतात.

नवा लॉट आला की जुन्या लॉटवर तपासलेले हेला पेशींचे (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी) तेच लायसेट, म्हणजे फोडलेल्या पेशींचा द्रव, दोन्हींवर शेजारी-शेजारी चालवावे. १:१००० हा आकडा जुन्या सशाचा होता. नव्यासाठी १:५०० ते १:५००० पर्यंत पुन्हा उतरंड लावावी लागते.