घाटात घाम, उतारावर हुडहुडी

जानेवारीत सिंहगड सायकलने चढताना थंडी वाजतच नाही. ती वाजते उतरताना, आणि मग अशी वाजते की ब्रेक दाबायला बोटं वळत नाहीत. मागच्या वर्षी मी हे सगळं भोगलंय, तेही चांगलं जाडजूड जॅकेट घालून. खरं तर जॅकेटमुळेच.

कसं असतं, पायडल मारताना आपण जेवढी एनर्जी जाळतो त्यातली जेमतेम २० ते २५ टक्के चाकापर्यंत पोचते, बाकी सगळी उष्णता. म्हणजे घाटात आपण चालती-फिरती शेगडीच. वर जाड जॅकेट, मग घाम जाणार कुठे, आतला टीशर्ट ओलाचिंब. गडावर पोचलो, कांदाभजी हाणली, दहा मिनिटांत शेगडी थंड आणि टीशर्ट तसाच पाठीला चिकटलेला. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट जोरात उष्णता वाहून नेतं, वर सुकता सुकता अंगातली ऊब घेऊन जातं ते वेगळंच.

त्यात उतार! हवा १० डिग्री असेल आणि तुम्ही ताशी ४० च्या स्पीडने खाली येताय, तर उघड्या कातडीला ती ६ डिग्रीसारखी झोंबते. अंगालगत गरम हवेचा एक पातळ थर असतो, वारा तोच उडवून नेतो. पाय फिरत नाहीत म्हणजे नवीन ऊबही नाही, मग शरीर पोट-छाती सांभाळायला हातापायांचं रक्त आखडतं घेतं, म्हणून आधी बोटं बधिर होतात.

आता माझा उपाय ऐका, फुकटातला आहे. भजीवाल्या मावशींना म्हटलं, एक कोरडा पेपर द्या ना. "अजून भजी बांधायची?" नाही मावशी, पोटाला लावायचाय! त्या हसत बसल्या, पण जर्सीच्या आत छातीवर घडी करून सरकवलेला पेपर वारा अडवतो आणि घडीत थोडी हवाही धरून ठेवतो. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीतले डोंगर उतरताना हेच करत आलेत, त्यामुळे लाजायचं कारण नाही. सोबत एक कोरडा टीशर्ट, कॉटनचा नको कारण कॉटन पाणी सोडतच नाही. आणि घरातून निघताना पहिली दहा मिनिटं थोडं कुडकुडलंच पाहिजे, गेटपाशीच मस्त उबदार वाटलं तर घाटात नक्की भिजणार.

राहता राहिलं अंथरुणातून उठणं. जूनमध्ये पुण्यात सहाच्या सुमाराला सूर्य वर येतो, जानेवारीत सात वाजून जातात, आणि पहाटे शरीराचं तापमान दिवसातलं सगळ्यात कमी असतं, म्हणजे सगळा दोष आळसाला देऊ नका. मी सरळ सातला निघायला लागलो, खाडे कमी झाले.

आणि ॲपवर स्पीड कमी दिसला म्हणून खट्टू होऊ नका हो, १० डिग्रीची हवा मे महिन्यातल्या ३५ डिग्रीच्या हवेपेक्षा ८-९ टक्के जास्त घट्ट असते, तेवढीच ती जास्त अडवते. टायरचंही तेच, दुपारी ३० डिग्रीला हवेचा दाब ९० पीएसआय भरला असेल तर पहाटे १० डिग्रीला तो साधारण ७ने कमी भरतो. मी पंप आता चपलांच्या स्टँडशेजारीच ठेवलाय, घरचे रोज त्याला अडखळतात.